एका हाकेची सनद

श्रावण वद्य २, शके १८३२. चौसाळा.

माझी बायको विमलबाई म्हणते, माणसांवर ओरडू नका, वहीवर ओरडा. वही रुसत नाही. म्हणून शाळेतली एक कोरी वही घरी आणली. आजच्या एका दिवसाचा राग लिहायचा म्हटला तरी अर्धी संपेल.

आज निगराणी खात्याचा हुकूम आला. तीन वर्षांपूर्वी याच खात्याने ठरवलं की ज्या कैद्याची चाल चांगली, त्याला अर्धी सजा झाल्यावर सोडावं आणि उरलेली सजा त्याने आपल्या मुलखात, कुणाच्या तरी नजरेखाली काढावी. नजर ठेवायला सरकारपाशी माणसं नाहीत. मग गावोगावच्या मंडळांना तो ठेका दिला. आमच्या चौसाळ्याच्या मंडळाचे मुखत्यार अर्जुनराव देशमुख, कागद लिहिणारा मी शाळामास्तर, आणि खरं काम करणारा सिदू धनगर. तीन वर्षांत तीन माणसं सिदूच्या हाताखाली सजा पुरी करून गेली. एकही परत आत गेला नाही. सगळ्या जिल्ह्यात असं दुसरं मंडळ दाखवा म्हणावं!

आणि हुकूम काय? तर येत्या फसली, म्हणजे सरकारी सालापासून प्रत्येक मंडळाकडे सनदी निगराणीदार पाहिजे. त्याने पंधरा दिवस बीडला राहून तालीम घ्यावी, परीक्षा द्यावी. त्याला उर्दू लिहिता-वाचता यावं. त्याच्यापाशी घड्याळ असावं. सनदी माणूस नसेल तर ठेका रद्द, आणि त्या मंडळाकडचे कैदी परत तुरुंगात.

आमच्याकडे सध्या एकच आहे, बंकट. त्याची अजून दोन सालं बाकी आहेत. म्हणजे आम्ही नापास झालो तर सजा बंकटला! हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? सिदूला अलिफ माहीत नाही आणि घड्याळ त्याने फक्त अर्जुनरावांच्या कोटावर लोंबताना पाहिलं आहे.

अर्जुनराव पान चघळत म्हणाले, "मास्तर, तुम्ही जा. सिदूलाही न्या. दोघांतला एक तरी पास झाला पाहिजे, ठेका टिकला पाहिजे. माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे." त्यांना कचेरीत बसायला खुर्ची मिळते, ती या मंडळामुळे. बंकटचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

श्रावण वद्य ६

शाळा सुटल्यावर सिदूच्या मेंढवाड्यावर जातो. पाटीवर अलिफ, बे, पे काढून देतो. सिदू पाटी उलटी धरतो. मी ओरडतो. तो हसतो. म्हणतो, "मास्तर, ह्यो अलिफ माज्या काठीवानी हाय, ह्यो ध्यानात ऱ्हाईल. बाकीचे लई वाकडे हायती."

बंकट बाजूला बसून घोंगडीचे धागे विंचरत होता. हा तिशीतला गडी नांदूरघाटचा. त्याने चोरी केली ती सिदूच्याच मेंढरांची, सहा मेंढरं. सजा झाली. आणि अर्धी सजा संपून सुटायची वेळ आली तेव्हा कचेरीत जाऊन "त्याला माज्याकडं द्या" असं म्हणणारा सिदूच. मी तेव्हा विचारलं होतं, अरे, तुझीच मेंढरं चोरली ना त्याने? तर म्हणाला, "म्हनून तर. मेंढरू उचलायला लई हिकमत लागती, मास्तर. ह्याला मेंढरं कळत्यात."

सिदूची रीत अशी. माणूस आला की पहिल्याच दिवशी चाळीस मेंढरं त्याच्या हवाली करायची. सकाळी मोजून द्यायची, सांजेला मोजून घ्यायची. माणसाला काही विचारायचं नाही. बंकटने आजवर एक कोकरू कमी आणलेलं नाही. गेल्या महिन्यात लांडगा आला तेव्हा हा नुसती काठी घेऊन त्याच्या अंगावर धावला, मांडीला केवढी जखम झाली! त्याची बायको साखराबाई आता वाड्यावरच राहते. ती दोघं आता माणसांत आली आहेत.

आणि हे सगळं एका पाटीवर अडकलं आहे. संताप संताप होतो.

श्रावण वद्य १०

आज घरी भांडण. दिवे लागले होते. मी परसातून विमलबाईला हाक मारली, कंदील आण म्हणून. ओ नाही. अंधारात पायरीवर अंगठा ठेचला. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा "आले आले" करत आली. पहिल्या हाकेला काय कान गहाण होते का?

म्हणाली, "तिन्हीसांजेनंतर पैल्या हाकेला ओ देऊ ने. ठाव हाय की तुमाला."

ठाऊक आहे. या मुलखात कुणाला ठाऊक नाही? दिवे लागल्यावर बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिली हाक हाकामारीची समजायची. तिला ओ दिली की ती माणूस घेऊन जाते म्हणे. खरं माणूस असेल तर ते पुन्हा हाक मारतं. माझी आईही असंच करायची. पण मी शिकलेला माणूस, शाळेत पोरांना सांगतो की असलं काही नसतं, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! अंगठा सुजला आहे.

भाद्रपद शुद्ध ५. बीड.

तालमीचा तिसरा दिवस. आम्ही अकरा जण आहोत, निरनिराळ्या मंडळांचे. माजलगावचा एक दुकानदार आहे, तो कैद्याच्या सावलीलाही उभा राहिलेला नाही. त्याचं उर्दू मात्र झकास आहे. सिदू मागे भिंतीला टेकून बसतो. त्याच्या घोंगडीचा वास येतो म्हणून मुन्शीसाहेबांनी त्याला दाराजवळ बसवलं. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो. तेवढं तरी केलं.

मुन्शीसाहेब आमचे उस्ताद. जन्मभर कागदांत राहिलेला माणूस. कैद्याशी कसं बोलावं, त्याला काम काय द्यावं, तो रात्री रडला तर काय करावं, यावर एक अक्षर नाही. सगळा भर हाजिरीवर. रकाने किती, शाई कोणती, दस्तखत कुठे.

आज हाजिरीची कवायत झाली. एका चपराशाला कैदी करून भिंतीआड उभं केलं. आम्ही एकेकाने जायचं, घड्याळ पाहायचं, नाव पुकारायचं. माजलगावच्या दुकानदाराने दोनदा पुकारलं. मुन्शीसाहेब कडाडले, "एकच पुकार! सरकार दो दफे नै पुकारती!"

एक पुकार. जवाब आला तर हाजिर. नाही आला तर अर्धा मिनिट घड्याळात पाहायचं आणि गैरहाजिर. माझी कवायत पहिल्या खेपेला बरोबर झाली. मुन्शीसाहेबांनी मान डोलावली. मेल्याने तीन दिवसांत पहिल्यांदा कुणापुढे मान डोलावली असेल.

भाद्रपद वद्य २

परीक्षा झाली. लेखी पर्च्यात सिदूने एक अलिफ काढला आणि बसून राहिला.

तोंडी परीक्षेत मुन्शीसाहेबांनी त्याला विचारलं, हाजिरी कशी घेणार?

सिदू म्हणाला, "म्या हाजिरी घेतच न्हाई, साहेब. मेंढरं मोजून घेतो. मेंढरं आली की मानूस आलाच."

सगळे हसले. माजलगावचा दुकानदार तर पोट धरून हसला. मलाही हसू आलं. खरं लिहायचं तर आलं. नंतर स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहून ठेवतो.

मुन्शीसाहेबांनी विचारलं, आणि पुकार किती? सिदू म्हणाला, "ज्याला बोलवायचंय त्यानं ओ देस्तवर." पुन्हा हसणं. नापास.

मी अकरा जणांत पहिला आलो. सनदेवर लाल मोहर आहे, भली मोठी, आणि माझं नाव इतक्या सुंदर वळणात लिहिलं आहे की मीच दोनदा वाचलं. आजवर मला कुणी काही दिलं नव्हतं. परतीच्या बैलगाडीत सिदू म्हणाला, "लई ब्येस झालं, मास्तर. बंकट वाचला."

भाद्रपद वद्य ९. चौसाळा.

अर्जुनरावांनी हार घातला. आपलं खिशातलं घड्याळ साखळीसकट माझ्या हाती दिलं, "ठेका आहे तोवर वापरा" म्हणाले. सनद शाळेच्या भिंतीवर लावली. विमलबाई म्हणाली, देवाच्या तसबिरीपेक्षा उंच कावून लावली? तिला काय कळतं.

आश्विन शुद्ध ३

आज फसली साल सुरू झालं. आजपासून कायद्याने बंकट माझ्या हवाली आहे. हाजिरीची वेळ सांजेचे सहा. कलम असं की कैद्याने निगराणीदाराच्या जागी यावं. मी त्याला शाळेवर यायला सांगितलं.

आश्विन शुद्ध ९

सिदू आला होता. म्हणाला, "मास्तर, सहाला मेंढरं वाघुरात घ्यायचा वकुत असतो." वाघूर म्हणजे त्यांची जाळी, मेंढरं कोंडायची. "बंकट तुमच्याकडं येतो आन म्या येकटा पडतो. काल दोन मेंढ्या लांडग्यानं नेल्या."

मी म्हणालो, वेळ मी नाही ठरवली.

"मंग कुनी ठरवली?"

सरकारने.

"सरकारला मेंढरं हायती का?"

मला राग आला. हा माणूस परीक्षेत नापास झाला, याच्यासाठी मी पंधरा दिवस धूळ खाल्ली, आणि वर हा मलाच शहाणपण शिकवतो! तरी मी मोठ्या मनाने सांगितलं, ठीक आहे, मीच सांजेला वाड्यावर येत जाईन. नियमात बसत नाही, पण येत जाईन. त्याने हात जोडले. बरं वाटलं.

आश्विन वद्य १

रोज जातो. कुंपणाच्या अलीकडे थांबतो, घड्याळ काढतो, सहा वाजले की "बंकट!" म्हणतो. तो मला लांबूनच पाहून उभा असतो. "हाजिर हाय, मास्तर!" म्हणतो आणि हात वर करतो. मी बाभळीखाली उभ्यानेच रकाना भरतो. साखराबाई ताक देते. सहज होणारं काम आहे. सिदू उगाच बाऊ करत होता.

कार्तिक शुद्ध ८

दिवाळी झाली, थंडी सुरू झाली. वाड्यावर जायचा कंटाळा येतो. वाटेत बाभळीचे काटे, आणि आता सहाला नीट दिसतही नाही. घड्याळ तेच, वाट तीच. अंधार मात्र लवकर पडतो. परवा बंकटने ओ द्यायला उशीर केला. मी पेन उचललंच होतं तेवढ्यात साखराबाईच्या हातातल्या चिमणीचा उजेड माझ्या तोंडावर पडला, आणि तो घाईने म्हणाला, "हाजिर हाय, हाजिर हाय." मी बजावलं, पुकार झाली की लगेच जवाब पाहिजे. तो काहीतरी सांगणार होता. मी म्हटलं, सबबी नकोत.

सिदू म्हणाला, "मास्तर, दिवसाउजेडी या की. चारला या, पाचला या." मी त्याला कलम वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि मेंढरांकडे निघून गेला. मी बोलत असताना!

कार्तिक वद्य ४

आज डोकं फिरलं आहे. खात्याच्या पेशकाराचं पत्र आलं. "आपल्या हाजिरीत दीड महिन्यात एकही गैरहाजिरी नाही. इतर मंडळांत महिन्यास एक तरी असते. आपण हाजिरी घरी बसून भरता काय?"

घरी बसून! रोज काटे तुडवतो, अंगठ्याला अजून नख नाही, आणि हा कागदी उंदीर मला विचारतो घरी बसून भरता काय! अर्जुनराव पत्र वाचून म्हणाले, "मास्तर, जरा कडक व्हा. सनद तुमच्या नावावर आहे." म्हणजे मी मऊ आहे असं म्हणायचं आहे त्यांना.

त्याच तिरीमिरीत वाड्याकडे निघालो. मागे तोंडावर उजेड पाडला म्हणून साखराबाईला ओरडलो होतो, त्यामुळे की काय, आज ती चिमणी घेऊन पुढे आली नाही. चांगलाच काळोख होता. वाटेत काटा थेट टाचेत गेला. कुत्री अंगावर आली. कुंपणापलीकडे शेकोटी आणि तीनचार घोंगड्या दिसत होत्या, कोण कुठली घोंगडी ते कळेना. घड्याळ डोळ्याला लावून पाहिलं. सहा.

"बंकट!"

ओ नाही. अर्धा मिनिट घड्याळात पाहिलं, तालमीत शिकवल्याप्रमाणे. कुत्री भुंकत होती. शेकोटीजवळची एक घोंगडी उभी राहिल्यासारखी वाटली. पण जवाब नाही. मी गैरहाजिर लिहिलं. ठसठशीत लिहिलं. घ्या म्हणावं पेशकाराला, ही घ्या तुमची गैरहाजिरी!

परत फिरलो तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, "कोन हाय? मास्तर का?" मी वळलो नाही. टाच दुखत होती. आणि पुकार झाल्यावर थांबावं असं कुठल्या कलमात आहे?

रपट लिहून ठेवली. सकाळी टपालात जाईल.

कार्तिक वद्य ५

सकाळी राग थोडा उतरला होता. रपट हातात घेऊन दारात उभा राहिलो. विमलबाईने विचारलं काय झालं. सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दिवे लागलेवते का?" मी म्हटलं, सहा वाजले होते. ती म्हणाली, "त्ये न्हाई इचारलं." मला तिचा सूर आवडला नाही. रपट टाकून आलो.

कार्तिक वद्य ९

जमादार आणि दोन जवान आज बंकटला घेऊन गेले. एक गैरहाजिरी म्हणजे सूट रद्द, उरलेली सजा आत. मला हे माहीत होतं. परीक्षेत मी ते कलम तोंडपाठ म्हटलं होतं.

मी शाळेतून पळत वाड्यावर गेलो. जमादार बंकटच्या हाताला दोरी बांधत होता, "चल बे, चल" करत होता. बंकट मेंढरं मोजत होता! हात बांधलेले आणि तोंडाने मोजत होता. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग सिदूला म्हणाला, "पुरी हायती." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

साखराबाईने माझ्या पायावर डोकं ठेवलं. "मास्तर, त्ये वाड्यावरच व्हते. शेकोटीपाशी व्हते. खंडोबाची आन." मी पाय मागे घेतले. म्हटलं, मग ओ का दिली नाही? मी तिथे उभा होतो, मी हाक मारली, ओ का दिली नाही?

सिदूने विचारलं, "तुमी किती हाका मारल्या, मास्तर?"

एक. एकच मारायची असते.

सिदू माझ्याकडे बघत राहिला. मी ओरडलो की बघतोस काय, तुला पाटी दिली होती, तू शिकला असतास तर आज सनद तुझ्याकडे असती! तो बंकटच्या वाट्याची चाळीस मेंढरं घेऊन माळाकडे गेला.

चुकलं त्यांचं आहे. मी नियमाबाहेर काही केलं नाही. मी नियमाबाहेर काही केलं नाही. रपट टाकली तेव्हापासून विमलबाई बोललेली नाही. पान वाढते आणि उठून जाते.

मार्गशीर्ष शुद्ध २



विमलबाई साखराबाईकडे भाकरी घेऊन गेली होती. रोज जाते. मी घरी एकटा. दिवा लावून पोरांच्या पाट्या तपासत बसलो होतो. बाहेरून हाक आली.

"मास्तर!"

मी पाटी खाली ठेवली आणि थांबलो. दारात जायला उठलो नाही. ओ दिली नाही. पुन्हा हाक येईल म्हणून थांबलो. कान दाराकडे, तोंड मिटलेलं. किती वेळ तसा बसलो कुणास ठाऊक. दुसरी हाक आली नाही.

मग एकदम लक्षात आलं. मी कशाची वाट बघतो आहे?

दार उघडून धावलो. ओट्याखाली सिदू उभा होता, काठीला टेकून.

मी म्हटलं, अरे, हाक मारायची ना!

"मारली की. एक."

पुन्हा मारायची!

"न्हाई मास्तर. तुमचा कायदा एकच म्हन्तो." त्याचा आवाज चढला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुमी शिकल्याले हाव. तुमी बी ओ दिली न्हाई. मंग त्या येड्यानं कावून द्यावी? अंधारातनं आली हाक. त्याची माय बी त्येला हेच सांगून मेली."

मी तिथेच पायरीवर बसलो. सिदू गेला. मी मास्तर, मी अकरा जणांत पहिला, मी पोरांना सांगतो असलं काही नसतं! आणि त्या पेशकाराचा राग मी कुणावर काढला? कुंपणापलीकडे माणूस उठून उभा राहिलेला मला दिसला होता. दिसला होता मला! वर मी लिहून ठेवलं आहे. चार पानं मागे आहे ते. घोंगडी म्हणून लिहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध ६. बीड.

अर्ज लिहून आणला. रपट खोटी आहे, कैदी हाजिर होता, मी दुसरी हाक मारली नाही, कसूर माझा.

खात्याच्या दारात बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा चपराशाने बाहेर येऊन माझं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. तीनदा. तिसऱ्यांदा मी उठलो.  अर्जदार आला नाही असं लिहिण्याआधी इथे तीन वेळा पुकारतात. बाप रे! याच इमारतीत, मागच्या खोलीत, मला एक पुकार शिकवली.

मी आत जाऊन हेच ओरडलो. पेशकार शांत होता. म्हणाला, "तो कचेरीचा दस्तूर आहे, हा निगराणीचा." अर्ज वाचला. मग म्हणाला, "रपट खोटी तर तुमची सनद रद्द."

घ्या, म्हटलं. सनद घेऊनच आलो होतो. टेबलावर टाकली. "बंकटला सोडा."

"कोणाच्या निगराणीत? सनद रद्द झाली म्हणजे चौसाळ्यात सनदी निगराणीदार नाही. निगराणीदार नाही तर कैदी आतच राहणार. हुकूम आहे."

मी म्हटलं, मग सनद परत द्या. तो म्हणाला, मग रपट खरी धरावी लागेल. रपट खरी तर कैदी आतच.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. दोघा चपराशांनी मला बाहेर आणून सोडलं. सनद आतच राहिली. पुढची परीक्षा होळीनंतर, तीत चौसाळ्याचं कुणी पास झालं तरच बंकट सुटेल. मला बसता येणार नाही, खोटी रपट देणाऱ्याला कायमची बंदी.

तुरुंगाच्या फाटकावर बंकटला भेटू दिलं. दोघांमध्ये गज होते. मी म्हटलं, बंकट, हाक ऐकली होतीस?

"ऐकली व्हती की. उठून उबा बी राह्यलतो. दुसरीची वाट बगत व्हतो."

मी गजांना डोकं लावून रडलो. त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "मास्तर, रडू नगा. हितं रोज सांजेला पुकारा होतो. आता म्या पैल्याच हाकेला ओ देतो. शिकलो." मग विचारलं, "माजी मेंढरं कोन मोजतंय?"

मार्गशीर्ष वद्य ३. चौसाळा.

वाड्यावर भर दुपारी जातो. अर्जुनराव भेटत नाहीत. घड्याळ माणूस पाठवून मागून घेतलं. सिदू परीक्षेला बसला तर घड्याळ त्याला देऊ म्हणतात. खुर्ची हवी ना.

सिदूने स्वतःच पाटी मागितली. साखराबाई पाटी धरून बसते आणि तो काढतो. अलिफ झाला, बे झाला, पे झाला. वाकडे आहेत, पण आहेत. त्याची बोटं लोकर कातरून राठ झालेली आहेत, पेन सुटतं. मी ओरडत नाही.

आज तोंडी परीक्षेची उजळणी घेतली. विचारलं, हाजिरी कशी घेणार? त्याने मी पढवलेलं म्हटलं, घड्याळ, रकाना, दस्तखत. मेंढरांचं नाव काढलं नाही.

मग विचारलं, पुकार किती?

"वकुत पडला तर तीन," सिदू म्हणाला. "धा बी. मानूस येस्तवर."

मी म्हटलं, नापास होशील.

"मंग?"

मग बंकट दोन सालं आत राहील.

सिदूने पाटी खाली ठेवली. खाली ठेवून माळाकडे बघत बसला. मेंढरं लांब पांगली होती, बंकटची चाळीस आणि याची सगळी, एकातच चरत होती. साखराबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.  

मी पुन्हा विचारलं. पुकार किती?

"एक," सिदू म्हणाला.

म्हणाला आणि थुंकला. आता तो पास होईल.